आकडा जागेचा, आकडा ओळखीचा

भालकी तालुक्यात मांजरेच्या अंगाला एक गाव आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि जुन्या माणसांच्या पेटीत उर्दू कागद, अशी त्या गावाची तऱ्हा. बिदर जिल्ह्यात अशी गावं पुष्कळ. या गावातली एक मुलगी रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला कलबुर्गीला गेली. धाकट्या भावंडांच्या तोंडून सारं गाव तिला ताई म्हणायला शिकलं होतं, तेव्हा आपणही ताईच म्हणू.

ताईला टापटिपीचं वेड होतं. हॉस्टेलच्या खोलीत पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, कपाटातल्या ओढण्या रंगाप्रमाणे. प्रयोगशाळेतल्या तिच्या फळीवर बाटल्यांची रांग अशी सरळ असे की नवीन पोरं ती बघायला यायची. गाईड कौतुकानं म्हणायचे, "नोडम्मा, काम असं पाहिजे." हा गुण खरोखरच चांगला होता. पण गुणसुद्धा कुठं थांबायचं हे शिकल्याशिवाय पुरा होत नाही.

तिचं काम इंडोलवर चाललं होतं. इंडोल हा गमतीदार पदार्थ. मोगऱ्याच्या वासात तो नखभर असतो आणि विष्ठेच्या दुर्गंधीतही असतो; प्रमाण बदललं की सुगंधाचा वास होतो. ताई या इंडोलच्या एस्टरपासून हायड्राझाइड बनवायची आणि त्याची वेगवेगळ्या सॅलिसिलाल्डिहाइडांशी गाठ घालून हायड्राझोन करायची. हे हायड्राझोन जिवाणूंना आवरतात का, ते बघायचं होतं. सगळे पिवळसर भुकटीचे. एक थोडं फिकं, एक थोडं गडद, एवढाच डोळ्यांना कळणारा फरक.

अशा पदार्थांची पूर्ण नावं लांबलचक असतात. 'पाच-क्लोरो-दोन-हायड्रॉक्सीबेंझिलिडीन' हा नावाचा एक तुकडा झाला. पुढं 'इंडोल-दोन-कार्बोहायड्राझाइड' उरतंच. प्रबंधात असं नाव दर ओळीला लिहिलं तर वाचणारा पहिल्या पानावरच मान टाकेल. म्हणून रसायनवाल्यांची जुनी रीत अशी की पूर्ण नाव प्रयोगाच्या भागात एकदा द्यायचं आणि बाकी सगळीकडे ठळक अक्षरात नुसता क्रमांक. ताईचा एस्टर १, हायड्राझाइड २ आणि हायड्राझोनांचं सगळं कुटुंब ३. कुटुंबातल्या एकेकाला अक्षर: साधा ३अ, मिथाइलवाला ३ब, क्लोरोवाला ३क, मेथॉक्सीवाला ३ड, नायट्रोवाला ३इ आणि शेवटचा ३फ.

प्रयोगशाळेच्या वहीत मात्र वेगळी रीत होती. तिथं प्रत्येक प्रयोगाला वहीचा आणि पानाचा आकडा मिळायचा आणि बाटलीवरही तोच लिहायचा, अशी गाईडची पहिल्या दिवसापासूनची शिस्त. दुसरी वही, ४२वं पान, तर बाटलीवर '२-४२'. ताईला हे विद्रूप वाटायचं. एका फळीवर २-४२, १-८७, ३-०९ असे आकडे शेजारी शेजारी; त्यात ना क्रम, ना शोभा. प्रबंध लिहायला घेतला तसं तिनं एका रविवारी सगळ्या बाटल्या पुसल्या आणि नव्या चिठ्ठ्या डकवल्या: ३अ, ३ब, ३क, ३ड, ३इ, ३फ. फळी शाळेतल्या पोरांच्या ओळीसारखी दिसू लागली. ती दोन पावलं मागं सरून बघत राहिली. तिला फार बरं वाटलं.

पहिला मसुदा गाईडकडे गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा समासात लाल शाईनं लिहिलं होतं: साध्यानंतर हायड्रॉक्सीवाला घाल, तो नसला तर मालिका अपुरी वाटते. पदार्थ करायला चार दिवस लागले असते. ताईला त्याचं काही वाटलं नाही. तिला धसका बसला तो आकड्यांचा. हायड्रॉक्सीवाला ३ब झाला की मिथाइल ३क, क्लोरो ३ड, मेथॉक्सी ३इ, नायट्रो ३फ आणि शेवटचा ३ग. एवढ्या पानांत, तक्त्यांत, आलेखांच्या खाली, सगळीकडे.

तिनं संगणकाला सांगितलं, ३ब शोध आणि ३क कर. झालं. मग ३क शोध आणि ३ड कर. तेही झालं. असं करत ती ३ग पर्यंत आली आणि मग पहिल्या पानावर गेली. पाहते तर ३ब पासून पुढची सगळी संयुगं ३ग झाली होती. कारण पहिल्या फेरीत ३ब चा ३क झाला आणि दुसऱ्या फेरीत तो नवा ३क जुन्या ३क बरोबर पुढं ढकलला गेला. शेवटून सुरुवात केली असती तर वाचलं असतं, पण ते आता सुचून उपयोग नव्हता. वर आणखी एक, अभिक्रियांच्या आकृत्या चित्रं म्हणून चिकटवलेल्या होत्या. चित्रातला आकडा शोधून सापडत नाही. तेव्हा मजकुरात सगळे ३ग आणि चित्रांत जुनेच ३ब, ३क.

प्रयोगशाळेत आळंदकडचा एक सीनियर होता. ताई त्याला अण्णा म्हणायची. तो हसला नाही, कारण या खड्ड्यात तोही पडून आला होता. म्हणाला, "तुझं बरं, तू अक्षरं बदललीस. मी नुसता तीनचा चार केला होता. सीडीसीएल-थ्रीचा सीडीसीएल-फोर झाला, तीन हजार तीनशेचा चार हजार चारशे. असा द्रावक जगात नाही, तो माझ्या प्रबंधात होता."

मग त्यानं तिला लेटेक दाखवलं. ते कुठून आलं तेही सांगितलं. डोनाल्ड कनुथ नावाचे संगणकशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं हातात आली, ती त्यांना इतकी ओबडधोबड वाटली की पुस्तक बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला बसले. ती टेक. पुढं १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर सोपी मांडणी रचली, ते लेटेक. आणि त्यात रसायनवाल्यांसाठी क्लेमेन्स नीडरबेर्गर यांनी केमनम नावाचं पॅकेज लिहिलं, नेमकं या दुखण्यावरचं.

"याची गंमत बघ," अण्णा म्हणाला. "तू मजकुरात आकडा लिहायचाच नाही. तिरप्या रेघेनंतर सीएमपीडी लिहायचं आणि महिरपी कंसात त्या पदार्थाचं नाव, तुला वाटेल ते. मजकुरात जो पहिल्यांदा येईल त्याला हे पहिला आकडा देतं, त्यानंतरच्याला दुसरा. कुटुंबातलं पोर असलं तर घराण्याचं नाव, मधे टिंब आणि पोराचं नाव. अक्षर ते स्वतः लावतं. मधे कुणी घुसलं तर पुढचे सगळे आपोआप सरकतात. चित्रातसुद्धा आकडा लिहू नको. टीएमपी-एक, टीएमपी-दोन असं तात्पुरतं लिही, छपाईच्या वेळी त्या जागी खरा आकडा बसवायची सोय यात आहे."

"आणि दिसायला? ठळक, प्रकरणवार, रोमन?"

"सगळं वर एका ओळीत. सेटकेमनम म्हणून सांगायचं, बस्स. शंभर जागी हात लावायचा नाही."

ताईला हे मनापासून पटलं. दोन रात्री बसून तिनं सगळा प्रबंध लेटेकमधे आणला. क्रमांक ठळक केले, अक्षराला जरा तिरपं वळण दिलं, परिशिष्टासाठी निराळी तऱ्हा लावली. छापून बघितलं तर पान देखणं दिसत होतं.

फक्त एक गोष्ट तिनं जुन्या सवयीनं केली. महिरपी कंसात 'पदार्थाचं नाव, तुला वाटेल ते' लिहायचं होतं. तिला जे वाटलं ते असं: तीन.अ, तीन.ब, तीन.क. हाताशी जुना मसुदा होता, त्यातले आकडेच तिनं नावं म्हणून उचलले. मग हायड्रॉक्सीवाला मधे घातला तसा संगणकानं इमानानं सगळ्यांना पुढं सरकवलं. आता जिथं ती 'तीन.क' लिहायची तिथं छापून ३ड यायचं. यंत्रानं तक्रार केली नाही. यंत्राला नाव म्हणजे नाव. त्यात कुणी कालचा आकडा कोंबला असेल हे त्याला कसं कळावं?

आणि दुसरी गोष्ट. छापलेला प्रबंध आणि फळीवरच्या बाटल्या जुळत नाहीत हे तिला बघवेना. तिनं पुन्हा एक रविवार काढला, जुन्या चिठ्ठ्या खरवडल्या आणि नव्या लावल्या. मिथाइलच्या बाटलीवर आता ३क आलं, क्लोरोच्या बाटलीवर ३ड.

याच दिवसांत जिवाणूंच्या चाचणीचा अहवाल आला. नमुने सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका मैत्रिणीकडे दिलेले होते. अहवालात बाकी सगळे मध्यम, पण एक पदार्थ डोळ्यांत भरणारा: ३क.

ताईनं छापील प्रबंधात ३क बघितला. मिथाइल. तिचा आनंद गगनात मावेना. त्या रात्रीच तिनं तीन पानं लिहून काढली. मिथाइल गट इलेक्ट्रॉन ढकलतो, त्यानं नायट्रोजनजवळची घनता वाढते, पदार्थ स्निग्ध भागात सहज शिरतो आणि जिवाणूच्या भिंतीतून आत जातो. संदर्भही मिळाले. कारण जुळवायला बसलं की कारणं मिळतातच. निष्कर्ष कुठलाही असो, त्याच्या मागं उभं राहायला एखादा सिद्धांत तयार असतो. ती तीन पानं प्रबंधातली सगळ्यात चांगली पानं होती.

अण्णानं ती वाचली आणि एकच विचारलं, "नमुने कधी दिले होतेस? चिठ्ठ्या बदलायच्या आधी का नंतर?"

ताईला उत्तर देता आलं नाही. काही आधी दिले होते, काही नंतर. ती मैत्रिणीकडे धावली. तिथल्या नोंदवहीत '३क' एवढंच होतं. पेटीत '३क' लिहिलेली छोटी बाटली होती, तळाशी चिमूटभर पिवळी भुकटी. ताईच्या फळीवरही '३क' होतं, तेही पिवळंच. दोन्ही चिठ्ठ्या तिच्याच हाताच्या, दोन्ही सुवाच्य.

दोन दिवसांवर येळवस आली होती. मार्गशीर्षाची अमावस्या म्हणजे बिदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिवकडचा मोठा सण, शहरं ओस पडतात आणि शिवारं भरतात. न जाणं शक्यच नव्हतं. कलबुर्गीहून गाडीनं ती हुमनाबादला उतरली; २०१७ साली हा बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून पोरींना घरी यायला सोपं झालंय. पुढं बसनं भालकी आणि तिथून गाव.

शेतात कडब्याची कोप उभी होती. आत पांडव मांडलेले, पुढ्यात भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यात आंबील. शाळू कमरेला आला होता, हरभऱ्याला घाटे धरले होते. जेवणं झाली तशी मोठी माणसं बांधावर बसली आणि दरवर्षीचा विषय निघाला, वाटणीचा. यंदा तो जरा पुढं सरकला होता. वडील आणि मोठे काका, दोघांचं जमलं होतं. शेताचा सर्व्हे नंबर ४५. घोडं अडलं ते आकड्यावर.

मोठे काका म्हणाले, "मी थोरला. मला ४५ ठेवा, याला ४६ द्या. दोघांचं निराळं, साफ. ते ४५ बटा एक, ४५ बटा दोन काय, भाड्याच्या खोलीगत वाटतं."

आबा, म्हणजे ताईचे आजोबा, आतापर्यंत डोळे मिटून बसले होते. त्यांच्या वडिलांकडे निजामाच्या काळात गावची पटवारकी होती. कागदाची रग त्या घरात रक्तातच. ते म्हणाले, "४६ तुला कुठून देऊ? ४६ पाटलाचं हाय."

"मग पाटलाला ४७ करा."

"करू की. अन् ४७ वाल्याला ४८? नदीपर्यंत सगळ्यांना उठवायचं का? पाटलाचं बँकेतलं कर्ज ४६ वर हाय. त्याच्या विहिरीचा दावा लागला तो ४६ वर. त्याच्या चुलत्याचं खरेदीखत ४६ चं. तू उद्या ४६ झालास, की त्याचं कर्ज तुझ्या बोकांडी अन् तुझं पीक त्याच्या नावावर. देशील का वाजवून?"

बांधावर हसू पिकलं. आबा हसले नाहीत.

"हे बघा. ह्या शेताचा कागद आधी उर्दूत होता. अठ्ठेचाळीसला निजाम गेला. छपन्नला राज्यांची वाटणी झाली, उदगीर-निलंगा तिकडं मुंबई राज्यात गेलं, आपण इकडं म्हैसुरात आलो. त्र्याहत्तरला म्हैसूरचं कर्नाटक झालं. पटवाऱ्याच्या जागी सरकारी माणूस आला. पुढं भूमी म्हणून योजना आली, सगळ्या पहाण्या संगणकात गेल्या. आता कागद कन्नडात निघतो. मालक बदलले, लिपी बदलली, राज्य बदललं, गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. शेत ४५ च. वाटणी झाली तर पोटात हिस्सा पडतो, बटा एक, बटा दोन. बापाचा नंबर जात नाही अन् शेजाऱ्याला धक्का लागत नाही. ज्यानं केलं त्या माणसाला अक्कल होती."

काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "पण आबा, घराचे नंबर तर बदलतात की. दारावर दर शिरगणतीला नवा आकडा काढून जातात."

"बदलू दे ना! तो मोजणाऱ्याच्या सोयीचा आकडा हाय. गल्लीच्या तोंडाशी सुरू करतो अन् ओळीनं टाकत जातो. मधे नवं घर झालं की पुढचे सगळे सरकले. कुणाचं काही जातं का? न्हाई जात, कारण त्या आकड्यावर कुणी कर्ज काढत न्हाई, दावा लावत न्हाई. तो जागेचा आकडा. हा ओळखीचा. जागेचा आकडा रोज बदला. ओळखीच्या आकड्याला हात लावला की समजा घरात भांडण आणलं."

मग त्यांचं लक्ष नातीकडे गेलं. "काय झालंय माय? आंबील हातातच हाय अजून."

"काही नाही आबा. मी पाटलाला ४७ केलंय."

आबांना काही कळलं नाही. ताईला मात्र सगळं कळलं होतं. प्रबंधातला ३क म्हणजे दारावरचा गेरूचा आकडा. तो सरकायलाच हवा, त्याचं कामच ते. आणि वहीतला २-४२ म्हणजे सर्व्हे नंबर. तो विद्रूप होता, क्रमानं नव्हता, पण त्यावर त्या पदार्थाचं सगळं लिहिलेलं होतं: कधी केला, कशातून केला, किती तापमानाला वितळला. तिनं ओळखीचा आकडा खरवडून टाकला होता आणि त्या जागी जागेचा आकडा डकवला होता. एकदा नव्हे, दोनदा. अण्णानं दिलेल्या इतक्या चांगल्या अवजारातही तिनं तेच केलं होतं. नाव लिहायच्या जागी जागा लिहिली होती.

परत गेल्यावर ती थेट गाईडकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि ६०६ची गोष्ट सांगितली.

फ्रँकफुर्टला पाउल एरलिख यांच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकची शेकडो संयुगं बनत होती. प्रत्येकाला आकडा. ६०६ म्हणजे सहाव्या गटातलं सहावं. एका सहायकानं ते तपासलं आणि निकामी ठरवून बाजूला ठेवलं. १९०९ साली जपानहून साहाचिरो हाता नावाचे डॉक्टर तिथं आले. त्यांनी टाकून दिलेली संयुगंही पुन्हा पहिल्यापासून तपासली आणि ६०६ हे उपदंशावर लागू पडतं असं दिसलं. १९१० साली ते साल्व्हर्सान नावानं बाजारात आलं. पेनिसिलिन येईपर्यंत त्या रोगावर जगभर त्याचा आणि त्याच्या सुधारित रूपाचा, ९१४चा, आधार होता.

"आता विचार कर," गाईड म्हणाले. "त्या सहायकानं किंवा आणखी कुणी मधल्या काळात टाकाऊ संयुगं काढून उरलेल्यांना एकापासून नवे आकडे दिले असते, फळी छान दिसावी म्हणून. हाता यांनी काय शोधलं असतं? टाकलेल्याचाही आकडा टाकायचा नसतो. चूक निकालात असेल तर ती आकड्यावरून परत सापडते. आकडाच गेला तर चूकही सापडत नाही."

मग ते उठले. "चल, आता तुझं ४५ आणि ४६ कुठलं ते बघू."

पदार्थाची खरी ओळख त्याच्या अंगात असते, हे रसायनाचं एक सुख. संशयित दोनच होते, मिथाइल किंवा क्लोरो. गाईडनी तांब्याची तार घेतली. बर्नरच्या ज्वाळेत ती धरून लाल केली, ज्वाळेला रंग येईनासा झाला तेव्हा गार केली. मैत्रिणीच्या बाटलीतली भुकटी तारेच्या टोकाला कणभर लावली आणि पुन्हा ज्वाळेत धरली. ज्वाळा हिरवी झाली. ही बाइलस्टाइनची कसोटी, एकोणिसाव्या शतकातली. पदार्थात क्लोरीन असलं तर तांब्याशी त्याचं संयुग होऊन ज्वाळेला हिरवा रंग येतो. मिथाइलमधे क्लोरीन नाही. फळीवरच्या ३क ची भुकटी लावली. ज्वाळा तशीच राहिली.

एका ज्वाळेवर गाईड विसंबले नाहीत. क्लोरोवाला नव्यानं करायला लावला आणि मिश्र द्रवणांक घ्यायला सांगितला. दोन वेगळे पदार्थ एकत्र घोटले की मिश्रण साधारणतः आधीच वितळू लागतं. तोच पदार्थ असला तर द्रवणांक हलत नाही. नव्या क्लोरोत मैत्रिणीच्या बाटलीतली भुकटी मिसळली. द्रवणांक हलला नाही. मिथाइल मिसळला तर तो खाली घसरला. निकाल लागला. जिवाणूंना आवरणारा पदार्थ क्लोरोवाला होता, जुन्या चिठ्ठीचा ३क.

ताईची ती तीन देखणी पानं केराच्या टोपलीत गेली. नवी पानं लिहायला महिना लागला आणि ती तेवढी ओघवती झाली नाहीत, कारण या वेळी तिनं आधी नमुने पुन्हा तपासायला दिले आणि मग कारण शोधलं. फळीवरच्या एका बाटलीचं मूळ काही केल्या ठरेना. वहीतली दोन पानं जुळत होती आणि चिमूटभर भुकटीत पुढचं काही होईना. ती बाटली टाकावी लागली. तेवढी किंमत मोजावीच लागली.

बाकीच्या बाटल्यांवर वहीचे आकडे परत आले. २-४२, १-८७, ३-०९. रांग पुन्हा ओबडधोबड दिसू लागली. लेटेकमधे तिनं महिरपी कंसातली नावं बदलली: हायड्राझोन.साधा, हायड्राझोन.मिथाइल, हायड्राझोन.क्लोरो. पदार्थ जो आहे तेच त्याचं नाव. प्रबंधाच्या शेवटी एक तक्ता जोडला. एका रकान्यात छापील क्रमांक, शेजारी वही आणि पान. जागा आणि ओळख एकमेकांसमोर.

प्रबंध जमा व्हायच्या आठवड्यात गाईडनी पुन्हा लाल पेन काढलं. दुसरं प्रकरण चौथ्याच्या मागं गेलं आणि क्रमांक प्रकरणवार हवेत असं ठरलं. अण्णानं घाबरून ताईकडे पाहिलं. तिनं दोन फाइलींची अदलाबदल केली, वरची एक ओळ बदलली आणि चहाला गेली. परत आली तेव्हा प्रबंधातला प्रत्येक आकडा बदललेला होता. फळीवरची एकही चिठ्ठी बदललेली नव्हती.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हा चार बिंदू तीन ड. हा नक्की क्लोरोवालाच कशावरून?" ताईनं क्रमांकाची बाजू मांडली नाही. तिनं तक्त्यातली ओळ दाखवली, वहीचं पान उघडलं, द्रवणांक वाचला आणि बाटली पुढं ठेवली. परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळले.

तात्पर्य असं. टापटीप वाईट नव्हे, पण ती कुणावर करायची हे आधी ठरवावं. रांगेतली जागा सांगणारा आकडा यंत्राच्या स्वाधीन करावा आणि हवा तितक्या वेळा बदलू द्यावा. वस्तूची ओळख सांगणारा आकडा एकदाच द्यावा, तो कितीही कुरूप असो, आणि वस्तू टाकून दिली तरी तो दुसऱ्याला देऊ नये. या दोहोंची गल्लत झाली तर चांगलं अवजारसुद्धा ती गल्लत फक्त अधिक सुबक छापून देतं.